उणे वजनाची गाडी

दसऱ्याच्या दिवशी दुपारी, लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्यात रिकाम्या बैलगाडीचे वजन उणे तीनशे किलो भरले. हा आकडा फाटकावरच्या पाटीवर लाल दिव्यांत उमटला आणि रस्त्यापर्यंत दिसला. रांगेत त्या वेळी फाटकापासून पिंपळापर्यंत वाहने होती. कोणी हसले नाही. हसणे नंतर सुरू झाले.

मी त्या कारखान्याची संगणकीकरण प्रमुख होते. विभागात मी एकटीच होते, त्यामुळे प्रमुख कोण यावर कधी वाद झाला नाही. त्याआधी यवतमाळच्या एका दैनिकात उपसंपादक होते. पाने कात्री-डिंकाने लावायची सोडून संगणकावर लावायची ठरली तेव्हा बाकीच्यांना शिकवण्याचे काम माझ्याकडे आले, आणि गावभर झाले की या बाईला कंप्युटर कळतो. जिनिंगचे शेठ दिवाळीची जाहिरात द्यायला कार्यालयात आले होते. माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, "बाई, तुम्ही यावर बातमी चढवता. कापूस चढवता येईल का?"

येईल, असे मी सांगितले. बातमीदारीत असे उत्तर मी कधी दिले नसते.

ती कापसाची पडती वर्षे होती. दिल्ली-मुंबईचे बातमीदार यवतमाळच्या लॉजवर उतरत, एकच प्रश्न विचारत फिरत आणि त्यांना हवी ती बातमी घेऊन परत जात. काट्याची बातमी कोणी केली नाही. भाव सगळीकडे सारखाच पडलेला असल्यामुळे शेतकरी काटा पाहून फाटकात वळत असे. ज्याच्या काट्यावर विश्वास, त्याच्याकडे गाडी. विश्वास कोणाच्याच काट्यावर फारसा नव्हता. त्याच रस्त्यावरच्या दोन जिनिंग बंद पडल्या होत्या, तिसरी आमच्यासमोर जुन्या काट्यावर चालू होती. शेठनी मला नेमताना साफ सांगितले, "या हंगामात गाड्या वळल्या तर कारखाना राहील. नाही वळल्या तर मशिनी विकतो. त्यासोबत तुमचे कंप्युटर बी जातील."

म्हणून नवा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आला. जमिनीच्या पातळीत लोखंडी पत्रा, त्यावर गाडी उभी राहिली की आतल्या संगणकात वजन आणि त्याच क्षणी बाहेरच्या पाटीवर तेच वजन. वजन एकदा साठवले की ते बदलायची सोय कोणालाच ठेवली नव्हती, शेठनाही नाही. ही अट मी घातली होती आणि तिचा मला अभिमान होता.

हंगामाआधीचे महिने माणसे तयार करण्यात गेले. मुनीमजी साठीचे, किडकिडीत, कानामागे पेन. त्यांनी माउसला पहिला आठवडा हात लावला नाही. मग त्यांना पत्त्यांचा खेळ दाखवला. त्यानंतर माउस त्यांच्याकडून काढून घेणे हेच काम होऊन बसले. सगळ्यांना आपापला गुप्त परवलीचा शब्द ठरवायला सांगितले, तर सगळ्यांनी मिळून एकच ठरवला आणि विसरू नये म्हणून भिंतीवर गेरूने लिहिला. वीज गेल्यावर संगणक चालू राहावा म्हणून आणलेल्या बॅटरीवर देवघरातला दिवा चालत होता. मशीन मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणत, त्यांचे मत होते की कंप्युटर थंड राहिला पाहिजे. म्हणून त्यांनी त्याच्या पाठीमागे खसचा ओला पडदा लावला. पडदा काढायला मला त्यांच्याशी अर्धी सकाळ बोलावे लागले.

दसऱ्याला मुहूर्त ठरला. पत्रा धुऊन त्यावर रांगोळी काढली गेली. पाटीला झेंडूचा एवढा मोठा हार घातला की दिवे दिसेनात. शेठाणींनी काट्याला हळद-कुंकू लावले. गुरुजींनी नारळ फोडला, पण मी विनंती केल्यामुळे तो संगणकापासून दूर फोडला. काटा बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर नागपूरहून आला होता आणि त्याला पुसदची बस गाठायची होती, तिथे दुसरा काटा बसवायचा होता.

नारळ फुटल्यावर शेठनी विचारले, "आता दाबायचं काय?"

कोणाला समजले नाही.

"उद्घाटन आहे न बाप्पा. फीत नाही, मग बटन तरी पाह्यजे."

इंजिनिअरने जरा विचार करून शून्याचे बटन दाखवले. काटा रिकामा असताना ते दाबले तर काहीच होत नाही, म्हणून ते सगळ्यांत निरुपद्रवी, असे तो म्हणाला. ते खरे होते. पण उद्घाटन म्हटले की फोटो आला. आवारात स्वच्छ, सपाट आणि रांगोळी काढलेली जागा एकच होती. शेठ, शेठाणी, मुनीमजी, गुरुजी, इंजिनिअर, चार हमाल आणि मी पत्र्यावर ओळीने उभे राहिलो. बटनाचा डबा लांब तारेने शेठच्या हातात दिला. चाचांनी कारखान्याचा नवा डिजिटल कॅमेरा डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, "शेठ, अब दबाव."

शेठनी दाबले.

मग इंजिनिअरने डब्याला कुलूप घातले, त्यावर सांकेतिक आकडा टाकला, आणि शेठनी ध्वनिक्षेपकावरून रांगेला सांगितले की काट्याची चावी आता कारखान्याकडे नाही, कंपनीकडे आहे. कोणीही काट्याला हात लावू शकणार नाही. रांगेतून टाळ्या आल्या. इंजिनिअर चाचांच्या मोटारसायकलवरून बसस्थानकावर गेला.

पहिली गाडी जवळच्या बंजारा तांड्याच्या नायकाची होती. त्याच्यासोबत त्याची बायको होती, काचा लावलेल्या जड घागऱ्यात, दंडापर्यंत बांगड्या. रांगेतले सगळे तिला याडी म्हणत. गोरबोलीत याडी म्हणजे आई. बैल पत्र्याच्या आवाजाला बुजतात, म्हणून ते सोडून गाडी हमालांनी ढकलत काट्यावर आणली आणि बाजूला झाले. हार जरा वर सरकवला. सहाशे किलो.

नायकाने पाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "बाई, नऊ क्विंटल तं नुसता कापूस हाय. घरून मोजून आणला. तुमचा काटा गाडीसकट सहा सांगून राह्यला."

"गाडी रिकामी करून पुन्हा तोलू," मी म्हणाले. "दोन वजनांतला फरक तो तुमचा कापूस."

कापूस गंजीवर उतरला. रिकामी गाडी पत्र्यावर आली. हार पुरता काढला तेव्हा आकड्याच्या डावीकडे एक आडवी लाल रेघ दिसली. संगणकाने ते वजन घ्यायला नकार दिला. पडद्यावर आले: वजन शून्यापेक्षा कमी असू शकत नाही. हे वाक्य मीच लिहून घेतले होते.

सहाशेमधून उणे तीनशे वजा केले तर नऊशे येतात, म्हणजे नायकाचा कापूस किलोला किलो बरोबर होता. मी तसे समजावून सांगितले. नायकाने शांतपणे ऐकून घेतले.

"हिशेब बरोबर हाय," तो म्हणाला. "पण मले एवढं सांगा, माही गाडी उणी काहून?"

"नायकाची गाडी उडून राह्यली," रांगेतून एकजण म्हणाला. "बांधा तिले, नाही तं दारव्ह्यापर्यंत जाईन."

मुनीमजींनी कानामागचे पेन काढले आणि परत ठेवले. "बाई, जुना काटा गोदामातच आहे. म्हटलं तर काढतो." त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, असे मी सांगू शकत नाही.

रांगेच्या शेवटचा एक ट्रॅक्टर सुरू झाला. समोरच्या जिनिंगचे फाटक उघडे होते आणि तिथला माणूस बाहेर येऊन उभा होता. शेठनी ट्रॅक्टरकडे पाहिले. इंजिनिअरचा फोन लागत नव्हता. बस घाटात असावी. काटा बंद करून पुन्हा चालू केला, आकडा तोच आला. चाचांनी पेचकस दाखवून विचारले, "ताला तोड दूँ?" शेठनी नाही म्हणून मान हलवली. कुलूप कंपनीचे आहे हे त्यांनी नुकतेच ध्वनिक्षेपकावरून सांगितले होते, आणि रांगेने ते ऐकले होते.

गाडी बाजूला ढकलल्यावर रिकाम्या पत्र्याचे वजन उणे साडेसहाशे दिसू लागले. पत्र्याच्या फटीत झेंडूचे फूल अडकले असेल, अशी मुनीमजींना शंका आली. ते पाहायला ते पत्र्यावर चढले. पाटी उणे सहाशेवर आली. ते उतरले, पुन्हा साडेसहाशे. ते परत चढले.

"मुनीमजी, हलू नका," याडी म्हणाली. "तुम्ही चढले का काटा सुधरते."

तेव्हा मला फोटो आठवला.

मी शेठना म्हणाले, "शून्य दाबलं तेव्हा आपण सगळे वर होतो. काटा आपल्याला धरून शून्य समजतोय."

शेठनी चपला काढल्या. लगेच परत घातल्या, कारण मुहूर्ताला त्या पायात होत्या. ते पत्र्यावर चढले. उणे पाचशे पाच. म्हणजे शेठचे वजन पंच्याण्णव किलो, आणि ते पिंपळापर्यंत सगळ्यांना कळले. रांगेतून कोणीतरी म्हणाले, "भाव पडला, पण शेठ पडले नाही." शेठ स्वतः हसले. त्या दिवशीचे पहिले हसणे ते.

चार हमाल एकेक करून चढले आणि प्रत्येक वेळी रांग आकडा मोठ्याने वाचत गेली. उणे दोनशे पासष्ट. गुरुजी शेजारच्या तेलघाणीवर दुसरी पूजा सांगायला गेले होते, त्यांना स्कूटरवरून आणले. ते म्हणाले, "मी मंत्र म्हणायला येतो, तोलायला नाही," पण चढले. उणे एकशे पंच्याण्णव. मग शेठाणी आणि मी उरलो. शेठाणींनी सांगितले की एकट्या त्या चढणार नाहीत. आम्ही दोघी एकाच वेळी चढलो, त्यामुळे दोघींच्या वजनाची बेरीजच तेवढी उपलब्ध आहे.

पाटी उणे पासष्टवर थांबली. इंजिनिअर बाकी होता, आणि तो पुसदच्या वाटेवर होता.

शेठनी सरकीचे पोते मागवले. नायकाने हात आडवा केला. "बोरी नको."

"सरकीच आहे, नायक. उघडून पाह्य."

"असंन सरकी. पण बोरी तुमची हाय. आमचा माणूस चढवा."

रांगेला हे पटले. ट्रॅक्टर बंद झाला आणि त्याचा मालक सगळ्यांत आधी पुढे आला. तो चढला तर पाटी अधिक वीस. "उतर, तुह्यानं शेठचं नुकसान होते," असे त्याला सांगण्यात आले. राळेगावकडचा एक टेम्पोवाला चढला, तो पंधरा किलोने कमी. समोरच्या जिनिंगच्या रांगेतले लोक आता आमच्या फाटकाशी आले होते आणि त्यांच्यातलेही दोघे येऊन तोलून गेले. एकाने पाटीकडे पाहून आपल्या सोबत्याला सांगितले, "घरी सांगजो, मी बारीक झालो." चाचा कॅमेरा घेऊन फिरत होते आणि सगळ्यांना हसू नका म्हणत होते.

शेवटी याडी चढली. उणे पाच. तिने खाली वाकून गाडीतली पाच लिटरची पाण्याची कॅन घेतली आणि काखेत मारली. पाटीवर शून्य आले.

रांगेतून एकजण म्हणाला, "इंजिनिअर भेटली."

नायकाचा कापूस चुकीच्या शून्यावर तोलला गेला होता आणि साठवलेले वजन बदलता येत नव्हते. ही माझीच अट होती. नायकानेही ती बदलू दिली नाही. "नियम हाय तं नियमानं," तो म्हणाला. म्हणून नव्या नोंदीसाठी त्याचा कापूस गंजीवरून परत गाडीत भरण्यात आला. घाई व्हावी म्हणून रांगेतले लोक भरायला आले. गाडी काट्यावर आली, आम्ही दहाजण तिच्या भोवती पत्र्याच्या कडेने उभे राहिलो. बाराशे पन्नास. कापूस पुन्हा उतरला, गाडी परत आली. तीनशे पन्नास. छापील पावतीवर नऊ क्विंटल आले. नायकाने पावती याडीला दाखवली. तिने ती न वाचता चोळीत ठेवली, कारण तिच्या एका हातात कॅन होती आणि काट्यावरून उतरायची परवानगी नव्हती.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत गाड्या याच पद्धतीने तोलल्या गेल्या. नियम आपोआप तयार होत गेले. पत्र्यावर जे आहे ते पत्र्यावरच राहील, हा पहिला. हमालांना तहान लागली की ते याडीच्या कॅनमधले पाणी पीत, पण पत्र्यावर उभे राहूनच. पाणी कॅनमधून हमालात गेले तरी काट्याला फरक पडत नाही, हे रांगेने मला समजावले. चूळ भरून बाहेर थुंकायला बंदी होती. राळेगावच्या टेम्पोवाल्याने शेठना आग्रहाने चहा आणून दिला. तो शेठच्या ओठांपर्यंत गेला तेव्हा मागून आवाज आला, "याचा माल भरून आहे, म्हणून चहा. रिकामा टेम्पो आला का शेठले संडासले पाठवंन." काटा पाच-पाच किलोंनीच पुढे सरकतो, एक कप चहा त्याला दिसत नाही, हे मी सांगितले. तरीही शेठनी चहा बाहेर परत केला आणि रांगेने त्यांचे कौतुक केले. गुरुजींना एकदा जावे लागले. तेवढा वेळ वजन थांबले आणि ते परत येईपर्यंत रांगेतल्या कोणीही तक्रार केली नाही.

मुनीमजी पत्र्यावर उभे राहूनच संगणक चालवत होते. खिडकीतून त्यांचा हात माउसपर्यंत पोहोचत होता. जुन्या काट्याचा विषय त्यांनी परत काढला नाही. मध्येच मला म्हणाले, "बाई, पत्त्यांचा डाव अर्धा आहे, तो साठवून ठेवता येते काय?"

दुपार कलल्यावर याडीने शिदोरी मागवली. शिदोरी काट्याबाहेरून आली, म्हणून ती आधी तोलली गेली. पाटी हलली नाही. भाकरी आणि ठेचा. तिने कोर मोडून शेजारी उभ्या असलेल्या शेठाणींना दिली, मग हमालांना, मग शेठना. शेठनी इकडे-तिकडे पाहिले. घरात ते भाकरी खात नसत, असे शेठाणींनी मला नंतर सांगितले.

"खा, शेठ," याडी म्हणाली. "वजन इथंच राहते."

शेठनी खाल्ली. ठेच्याने त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ते पाणी पत्र्यावरच पुसले जावे, असे नायकाने सुचवले.

दिवेलागणीला इंजिनिअर पुसदच्या वाटेवरून परत आला. घाट उतरल्यावर त्याच्या फोनला रेंज आली आणि चाचांचा निरोप मिळाला होता. तो फाटकातून आत आला तेव्हा काट्यावर एक ट्रॅक्टर होता आणि त्याच्या भोवती दहा माणसे ताठ उभी होती. त्यांतल्या एका बाईच्या काखेत कॅन होती. त्याने विचारले, "काय झालं?"

"तुमच्या जागी उभी हाय," याडीने सांगितले.

ट्रॅक्टरचे वजन पूर्ण झाल्यावर त्याने कुलूप उघडले, सगळ्यांना खाली उतरवले आणि रिकाम्या पत्र्यावर शून्य दाबले. पाटीवर शून्य आले. रांगेत आपट्याची पाने वाटणे सुरू झाले होते, पण नायक काट्यापाशी आला आणि म्हणाला की याडी एकटी चढून दाखवेल. ती चढली. साठ. कॅन रिकामी होती. नायकाने मान डोलावली, मग इंजिनिअरला चढायला लावले. तो पासष्ट भरला. त्यावर रांग पुन्हा काही वेळ हसत होती.

फाटकावर दिवसभर चाचा होते. त्यांनी सांगितले की त्या दिवशी रांगेतून एकही गाडी समोर गेली नाही, आणि समोरून काही इकडे आल्या. आलेल्या किती, हे त्यांनी मोजले नव्हते, कारण ते फोटो काढत होते. समोरच्या जिनिंगच्या माणसाने याविषयी बोलायला नकार दिला.

इंजिनिअरने नवे कुलूप लावले. रांगेची एक मागणी उरली होती, आणि ती शेठनी तिथेच मान्य केली: काट्याशेजारी एक बाक राहील आणि त्यावर रांगेतला कोणी ना कोणी बसेल. बाक चाचांनी जुन्या काट्याच्या लाकडाचा बनवला. त्यासाठी मुनीमजींना विचारले होते. ते हो म्हणाले, त्या वेळी त्यांचे लक्ष पडद्यावर होते.

तो हंगाम कारखाना चालला. मशिनी विकल्या गेल्या नाहीत. भाव वाढला नाही.

पुढच्या दसऱ्याला मुहूर्ताआधी चाचांनी पत्र्याभोवती दोर बांधला आणि फोटोसाठी सगळ्यांना लिंबाखाली उभे केले. शेठनी बटन मागितले नाही. पाटीवर हार घातला नव्हता. तिथे शून्य होते आणि ते बाकावर बसलेल्या दोघांनी पाहिले. पहिली गाडी नायकाचीच होती. कापूस उतरल्यावर हमालांनी ती काट्यावर ढकलत आणली आणि ते बाजूला झाले. याडी कॅन घेऊन दोराबाहेर उभी होती. रिकाम्या गाडीचे वजन तीनशे पन्नास किलो भरले.